हेडसेट घेऊ का सर?

या महिन्यात आलेले निम्मे मेसेज व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जग बघायचं ते) नि व्हर्च्युअल क्लासचे, प्रश्न तेच ते, म्हणून सगळ्यांना इथंच उत्तरं देतो.

मुलगी नववीत, प्रयोगांसाठी हेडसेट लागतोच का? (अमळनेर)

नाही. ओलॅब्ज या ऑनलाइन प्रयोगशाळेच्या साइटवर नववी ते बारावीचे प्रयोग साध्या कॉम्प्युटरवर होतात, फुकट.

धाकटा आठ वर्षांचा, त्याला मेटा कंपनीचा क्वेस्ट हेडसेट घेतला तर? (शहादा)

कंपनीच दहाच्या आत नको म्हणते, मग मी काय वेगळं सांगणार.

क्लासवाले म्हणतात व्हीआरमुळे मुलं आपोआप अभ्यासाला लागतात, फी बरीच जास्त आहे, भरू का? (भुसावळ)

हे 'आपोआप' ऐकलं की माझं डोकंच उठतं. डेमोत दाखवतात काय, तर डायनासोर नि रोलर कोस्टर, पोरं ओरडणारच, जत्रेतल्या पाळण्यातही ओरडतात. फ्रेड डेव्हिस या संशोधकानं १९८९ मध्येच मांडलंय, माणूस नवं तंत्र स्वीकारतो ते मुख्य दोन गोष्टी बघून, याचा मला उपयोग काय आणि वापरायला सोपं आहे का. २००३ ला सेकंड लाइफ नावाचं ऑनलाइन आभासी जग आलं, परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांनी त्यात आख्खे कॅम्पस बांधले, पुढं बरेचसे ओस पडले. एप्रिलमध्ये इकडच्याच एका शाळेत गेलो होतो, लाइट गेलेली, पंखे बंद, हेडसेटचा फोम घामानं ओला नि काचेवर वाफ, तरी आठवीतल्या एका पोरानं हृदयाचे कप्पे आतून फिरून बघितले, जाम खूश, हेडसेट काढला नि पहिलं वाक्य, "सर, हाई पेपरमा यी का?" (हे पेपरात येईल का?) घ्या, डेव्हिस साहेब आठवीच्या बाकावर! तर क्लासवाल्यांना विचारा, कोणते धडे, आठवड्याला किती वेळ, तीस पोरांत हेडसेट किती. "आज भरलं तर अर्धी फी" असं उत्तर आलं तर उठून या. आणि धड्यांची यादी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना दाखवल्याशिवाय रुपया देऊ नका.

हेडसेट घातला की मुलाला मळमळतं, दोन महिन्यांपासून डोकंही दुखतं. शेजारी म्हणतात सवय होते. (चोपडा)

दोन महिने! शेजारी डॉक्टर आहेत का? डोळ्यांना वाटतं आपण चालतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय, म्हणून मळमळतं, तेव्हा काढून ठेवायचा, रेटायचं नाही. पण काढल्यावरही डोकं दुखत राहतं ते वेगळं, चष्म्याचा नंबरही असू शकतो. उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि कधी फिट आली असेल तर तेही तिथं सांगा, लपवू नका.