आजोबांच्या ट्रंकेत जपानी तलवारीचा नुसता लोखंडी त्सुबा सापडला, त्यावर गंज चढला आहे. व्हिनेगरमध्ये बुडवू की गंज काढायचा स्प्रे मारू?

दोन्ही नको. लिंबू, चिंच, पितांबरी, तारेची घासणी, पॉलिश पेपर यांतलंही काही नको.

त्सुबा म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधली चकती, हे तुम्हाला माहीत असेलच. पण लोखंडी त्सुबाचा जो काळपट-तपकिरी रंग दिसतो, तोही एक प्रकारचा गंजच आहे. कारागिराने तो मुद्दाम चढवलेला असतो आणि नंतर पिढ्यानपिढ्या हाताळून, सुती कापडाने पुसून तो मुरलेला असतो. होसोकावा हे जपानी सरदार घराणं १६३२ मध्ये हिगो प्रांतात, म्हणजे आजच्या कुमामोतोकडे आलं. त्यांच्या आश्रयाने तिथे जे त्सुबा घडले, त्यांची ख्याती जितकी नक्षीची तितकीच या रंगाचीही आहे. त्यामुळे तुम्हाला एक गंज काढायचा आहे आणि दुसरा जपायचा आहे. आम्लाला हा फरक कळत नाही. ते दोन्ही खातं, खाली राखाडी उघडं लोखंड उरतं आणि आपल्या दमट हवेत त्यावर बघता बघता पुन्हा तांबूस पुट चढतं. मग बाजारात त्या वस्तूला किंमत राहत नाही, आणि मला तर त्याहून जास्त वाईट याचं वाटतं की तो मूळ रंग पुन्हा कोणालाच आणता येत नाही.

सुरुवात लोहचुंबकाने करा. चुंबक चिकटला नाही, तर तुमचा त्सुबा बहुधा तांब्याच्या मिश्रधातूचा आहे: शाकुदो (तांब्यात थोडं सोनं), शिबुइची (तांबं आणि चांदी) किंवा पितळेसारखा सेंतोकु. त्यांचा रंग हा पृष्ठभागावरचा अगदी पातळ थर असतो. मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा आणि तिथेच थांबा.

चुंबक चिकटला तर भिंगाखाली सोन्या-चांदीचं जडावकाम शोधा. यात एक प्रकार फार नाजूक असतो. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरून त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकून बसवलेला असतो. गंज त्या पत्र्याखाली शिरलेला असतो आणि खरवडायला गेलात की सोनं त्याच्याबरोबर निघून येतं. असं काम दिसलं तर तेवढ्या भागाला हात लावू नका.

आता साध्या लोखंडाबद्दल. पांढऱ्या सुती कापडाचा (जुनं धोतर उत्तम) तुकडा त्सुबावर घासा. कापडावर नारिंगी-लाल डाग आला तर गंज जिवंत आहे. हा लाल गंज सच्छिद्र आणि फुगीर असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खाली खात जातो. काळा थर मात्र दाट, घट्ट बसलेला असतो. लाल डागांवर शिलाई मशीनचं तेल टिपक्याएवढं लावा आणि रात्रभर मुरू द्या.

दुसऱ्या दिवशी हाडाने खरवडा. जपानमध्ये यासाठी हरणाचं शिंग किंवा हस्तिदंत वापरत आले आहेत. आपल्याकडे सांबर-चितळाच्या शिंगांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, गळून पडलेल्या शिंगांचीही. त्याची गरजही नाही. खाटकाकडून बकऱ्याच्या नळीचं हाड आणा, सोडा घालून उकळा, चांगलं वाळवा, कापून कानशीने एका तुकड्याला पटाशीसारखी धार करा आणि दुसऱ्याला टोक काढा. हाड काळ्या थरापेक्षा मऊ असतं, म्हणून ते त्याला ओरखडत नाही, पण लाल गंजाची खपली उचलतं. घासताना लोखंडावर पांढऱ्या रेघा उमटतील. त्या हाडाच्याच असतात, कापडाने पुसल्या जातात. हाडाची धार तपकिरी होऊन बोथट झाली की पुन्हा कानस मारा. कुठे चांदीसारखी चकाकी दिसली तर लगेच थांबा, तिथे मूळ लोखंड उघडं पडू लागलं आहे.

एका बैठकीत संपवायचं हे काम नाही. रोज थोडा वेळ, मग तेल पूर्ण टिपून कोरड्या सुती कापडाने भरपूर घासायचं. चमक त्या घासण्याने येते, खरवडण्याने नाही. खोल खड्ड्यांतला गंज सगळा निघणार नाही. कापडावरचा डाग लाल न येता फिकट तपकिरी येऊ लागला की पुरे.

काही गोष्टी गंज वाटतात, पण नसतात. त्सुबाच्या कडेवर गुळगुळीत, किंचित चमकणारे उंचवटे दिसले तर ती लोखंडातली जास्त कठीण जागा आहे. जपानीत तिला तेक्कोत्सु म्हणतात आणि जाणकार ती मुद्दाम शोधतात. ती घासून सपाट केली तर त्सुबाची ओळखच पुसली जाते. मधल्या भोकात वर-खाली तांब्याचे तुकडे ठोकलेले असतील, तर ते पात्याचा दांडा घट्ट बसावा म्हणून आहेत. ते काढू नका. भोकाशेजारी अक्षरं कोरलेली असतील तर तिथे हाडही नको, फक्त कापड.

तेलाबद्दल एक सांगतो, कारण यात बरेच जण फसतात. जपानी पात्यांना लावतात त्याला लवंगेचं तेल म्हणतात, पण ते बहुतांशी पातळ खनिज तेल असतं, लवंग नावापुरती. औषधाच्या दुकानातलं दातदुखीचं लवंग तेल लावू नका. खोबरेल तर मुळीच नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. खरं तर साफ झालेल्या त्सुबाला तेल ठेवायचंच नसतं.

पावसाळ्यात मात्र सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला. घामाच्या हाताने धरू नका, घामातलं मीठ हा गंजाचा मोठा मित्र आहे.

तलवार नाही, नुसता त्सुबाच कसा, असं घरात कोणी विचारलं तर त्यात नवल काही नाही. १८७६ मध्ये जपानमध्ये कमरेला तलवार लावून उघड फिरण्यावर बंदी आली आणि त्यानंतर सुटे त्सुबा जगभर गेले.

हाड हातात घेण्याआधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो उन्हाच्या तिरप्या प्रकाशात काढून इथे टाका. जडावकाम किंवा अक्षरं आहेत का, ते पाहून सांगतो.