सुरमई खाऊ की नको?

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते, चौथा महिना चालूय. इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या यादीत किंग मॅकरल खाऊ नका असं लिहिलंय आणि दुकानात सुरमईच्या पाकिटावरही किंग फिश लिहिलेलं असतं! सासूबाई म्हणतात नीट तळलं की काही होत नाही.

उत्तर: ताई, यादीत तो मासा नको म्हटलंय ते त्यातल्या पाऱ्यामुळे, आणि तळून, उकळून पारा जात नाही, तो मांसातच असतो, त्यामुळे कातडी काढूनही उपयोग नाही. ती यादी अमेरिकेच्या एफडीए (अन्न-औषध प्रशासन) आणि ईपीए (पर्यावरण संरक्षण संस्था) यांची, आणि ती उगाच घाबरवायला केलेली नाही, एफडीएने मासे तपासले तेव्हा किंग मॅकरलमध्ये सरासरी ०.७३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ०.७३ भाग) पारा निघाला आणि छोट्या सार्डिनमध्ये फक्त ०.०१३, म्हणजे बघा केवढा फरक! मोठा मासा छोट्यांना खातो, वर्षानुवर्षं जगतो, सगळा पारा त्याच्यात साठत जातो. आपली सुरमई म्हणजे अगदी तोच मासा नाही, पण त्याच जातकुळीतली आणि शिकारीच, म्हणून बाळंत होईपर्यंत, अंगावर पाजताय तोवरही, मोठ्या सुरमईचे काप टाळा असंच मी सांगेन. शार्क (म्हणजे मुशी), स्वोर्डफिश, बिगआय ट्यूनाही नको. पण मासे बंद करू नका हां, बाळाच्या मेंदूला ते लागतात. सार्डिन, सॅमन, कोळंबी आठवड्यातून दोन-तीनदा बिनधास्त खा.