संपादन उलटवलं गेल्यावर

प्रिय नव्या संपादकास,

मराठी विकिपीडियावर शिवनेरीच्या पानावर तू शिवाजी महाराजांचं जन्मसाल १६३० चं १६२७ केलंस, पाच पुस्तकांची नावं जोडलीस आणि तासाभरात कुणीतरी ते सगळं उलटवलं. तू परत घातलंस, समोरच्याने परत काढलं. आता थांब. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर खात्यावर बंदी येऊ शकते. मराठीत संपादक मोजके, त्यामुळे एकदा कटुता आली की वर्षानुवर्षं त्याच माणसाशी गाठ पडत राहते.

आधी तुझी पाच पुस्तकं बघू. प्रत्येकात तळटीप शोध आणि १६२७ हे साल त्या लेखकाने कुठून घेतलं ते पाहा. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात मे १६२७ दिलं आहे. पाचही जण शेवटी तिथेच पोचत असतील तर ते पाच संदर्भ नव्हेत, एकच आहे. शिवाय जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली ती १९१६ मध्ये. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया आहे आणि शिवभारत या महाराजांवरच्या संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळते. म्हणजे १९१६ आधीच्या लेखकापुढे हा पुरावाच नव्हता. पुस्तक जुनं आहे म्हणून भारदस्त, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे. जन्मतिथीच्या प्रश्नात ती हमखास गोत्यात आणते.

याचा अर्थ शकावली उघडून तूच निकाल लावावास असाही नाही. शकावलीत काय लिहिलंय ते शकावलीच्या संदर्भाने सांगता येतं. ती बखरींपेक्षा भरवशाची का, हे मात्र इतिहासकाराच्या ग्रंथातून, पान क्रमांकासह यायला हवं. ‘स्वतःचं संशोधन नको’ या नियमाचा अर्थ एवढाच आहे. आणि ते पान पूर्ण वाच. गूगल बुक्सवर दोन ओळींचा तुकडा दिसतो, त्यात ‘जन्म १६२७’ असतं आणि पुढच्याच ओळीत लेखक ते खोडून काढतो. निम्मे वाद अशा तुकड्यांवरून पेटतात.

आता वाक्य. ‘काहींच्या मते जन्म १६२७ मध्ये झाला असेही मानले जाते’ असं लिहिलंस की वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’चा साचा, म्हणजे तयार खूण, लागणारच, कारण मानतं कोण ते कळत नाही. त्याऐवजी: ‘जेधे शकावली व शिवभारत यांनुसार जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) रोजी झाला. ग्रँट डफने १८२६ मध्ये मे १६२७ असे नोंदवले होते.’ पानाच्या कडेच्या माहितीचौकटीत १६३० च राहील. तटस्थता म्हणजे दोघांना निम्मी निम्मी जागा नव्हे, अभ्यासकांमध्ये ज्या मताला जेवढं वजन तेवढी जागा.

इथे आणखी एक खोच आहे. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे, ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. कुणीतरी तारीख बदलणाऱ्या संकेतस्थळावर हिशेब करून प्रामाणिकपणे ‘दुरुस्ती’ करून जातो आणि नवं भांडण उभं राहतं. तारखेला लागूनच तशी टीप दे.

वर्तमानपत्राचं कात्रण जोडताना पानाचा इतिहास, म्हणजे आधीच्या बदलांची यादी, उघडून बघ. तेच वाक्य विकिपीडियावर बातमीच्या आधीपासून असेल आणि शब्दही तेच असतील, तर बातमीदाराने ते इथूनच उचललं असण्याची दाट शक्यता आहे. तो संदर्भ वापरू नकोस. बाकी बातम्यांचे दुवे वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन कर, मराठी वृत्तपत्रांचे जुने दुवे भराभर मरतात.

मग त्या लेखाच्या चर्चा पानावर जा. ‘तुम्हाला इतिहास कळत नाही’ हे नको. ग्रंथाचं नाव, आवृत्ती, पान, त्यातल्या दोन ओळी जशाच्या तशा, खाली तुझं प्रस्तावित वाक्य आणि शेवटी सहीसाठी चार टिल्डे (~~~~). समोरच्याचं सदस्यनाव जोड म्हणजे त्याला सूचना जाईल. आठवडाभर वाट पाहा, इथे सगळे नोकरी-शिक्षण सांभाळून येतात. उत्तर आलं नाही किंवा गाडी अडली, तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, दुवा दे, तटस्थ शब्दांत. मित्रांना बोलावून बाजू भारी करू नकोस आणि दुसरं खातं तर उघडूच नकोस. ते उघडकीला आलं की तुझे खरे संदर्भही कुणी वाचत नाही.

आणि समोरच्याने उलटवताना बदलाच्या सारांशात काय लिहिलंय ते वाचलंस का? ‘१९१६ नंतरचा ग्रंथ द्यावा’ असं असेल तर तो तुला अडवत नाहीये, नेमकं काय हवं ते सांगतोय. १६२७ च्या वाक्यासाठी लागणारा ग्रँट डफ इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहे. तिथपासूनच सुरुवात कर आणि पान क्रमांक लिहून घे.

सस्नेह,
पहाऱ्याच्या सूचीत तुझं पान ठेवलेला एक जुना संपादक