खिडकी अकरा ते एक

प्रिय मैत्रिणीच्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्रीच पाहिला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर ‘छान, कर’ म्हणून मोकळी झाले असते, म्हणून कागद घेऊन बसले. प्रौढ आणि उच्च शिक्षणाच्या प्रशासनात मास्टर्स करावं का, असं तू विचारतेस. आईचं म्हणणं, त्यापेक्षा बी.एड. कर, निदान कुठे तरी चिकटशील. तिचं अगदीच चुकत नाही, पण तिच्याशी मी बोलेन.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. उपनगरातल्या एका कॉलेजात मी प्रवेशाच्या खिडकीवर बसायचे. खिडकीवर पाटी होती, ‘वेळ 11 ते 1’. जूनचा महिना, बाहेर पाऊस, आणि एकला दहा कमी असताना एक बाई आली. चाळिशीच्या आसपासची, साकीनाक्याला पॅकिंगचं काम करणारी. बारावी होऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि तिला सकाळच्या सत्रात एफ.वाय.बी.ए.ला बसायचं होतं. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड. मार्कशीट लॅमिनेट केलेली, एल.सी., लग्नाचा दाखला, नाव बदलल्याचं राजपत्र, सगळं एकावर एक लावलेलं. मी आमच्या यादीवर बोट फिरवलं आणि म्हटलं, गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट नाही, म्हणजे मधली वर्षं शिक्षण का थांबलं त्याचं प्रतिज्ञापत्र. स्टॅम्प पेपरवर करून आणा. ती म्हणाली, “आज हाफ डे टाकून आले मॅडम, परत रजा मिळाली की येते.” रबरबँड लावला आणि गेली. ती परत आली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मला ते खटकायला लागलं. ती यादी आली कुठून, हे शोधायला बसले. विद्यापीठाच्या एकाही परिपत्रकात ती अट सापडली नाही. आमच्या आधीच्या हेडक्लार्कनी कधीतरी कुणाशी तरी वाजल्यावर ती ओळ टाइप करून घातली होती, आणि आम्ही वर्षानुवर्षं झेरॉक्सची झेरॉक्स काढत होतो. ती ओळ मी खोडली. पण त्या बाईचा पत्ता लिहून घेण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. फॉर्मच घेतला नाही, तर पत्ता कुठला असणार?

पुढे बऱ्याच वर्षांनी पॅट्रिशिया क्रॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंची मांडणी वाचनात आली. 1981 साली त्यांनी मोठ्या वयात शिकणाऱ्यांच्या अडथळ्यांचे तीन गट केले: परिस्थितीचे, संस्थेचे आणि मनाचे. घरात म्हातारी सासू, हातात पैसा नाही, हा पहिला. ‘या वयात मला काय जमणार’ हा तिसरा. मधला आपला: वेळापत्रक, फी भरायची पद्धत, कागदांची यादी, बंद खिडकी. तिन्ही गटांवर भाषणं पुष्कळ होतात, पण पहिला आणि तिसरा आपल्या हातात फारसा नसतो. मधला मात्र एका परिपत्रकाने हलतो, कधी तर एक ओळ खोडून. मास्टर्स करायचंच असेल तर त्या मधल्या गटासाठी कर.

आणि हे काही परदेशातून आणायचं खूळ नाही, आपल्या मुंबईत ते फार आधी कळलं होतं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा दिवसभर नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. आज ती घड्याळाची साधी गोष्ट वाटते, पण ऑफिसला दहाला पोचणारा मुलगा तेवढ्यानेच पदवीपर्यंत जातो. 1967 मध्ये वरळीला श्रमिक विद्यापीठ सुरू झालं, देशातलं पहिलं. आजूबाजूला गिरण्या, कामगार पहिल्या पाळीत, दुसऱ्या पाळीत, नाहीतर रातपाळीला. अशा माणसाला ‘सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सहा’ म्हणून काय उपयोग? म्हणून कामगाराला काय हवंय आणि तो कधी मोकळा आहे ते आधी विचारायचं, अभ्यासक्रम मग बांधायचा, अशी ती कल्पना. पुढे देशभर अशी विद्यापीठं निघाली, 2000 साली त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं आणि 2018 मध्ये ती कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. शिक्षण खात्यातून कौशल्य खात्यात जाताना काय सुटलं, काय मिळालं, हा तुझ्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो. मला विचारशील तर सुटलंच जास्त.

नावांचंही एक सांगते. ‘प्रौढ’ म्हटलेलं कुणालाच आवडत नाही. वर्गात येणारी पंचविशीची पोरगी स्वतःला प्रौढ समजत नाही आणि साठीच्या आजोबांना तो शब्द सरकारी वाटतो. 2022 पासूनच्या नव भारत साक्षरता कार्यक्रमात, ज्याला ‘उल्लास’ म्हणतात, प्रौढ शिक्षण हा शब्द मागे टाकून ‘सर्वांसाठी शिक्षण’ म्हटलंय, पंधरा वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी. पाटी बदलली, बरं झालं. खिडकीची वेळ बदलली का, ते तू जाऊन बघ.

आता कुठे शिकायचं. तू पाठवलेली अमेरिकन विद्यापीठाची लिंक पाहिली. तिकडे उच्च शिक्षणाचं प्रशासन हा वेगळा पेशा मानतात. कॉलेजचं अर्थकारण, शिक्षणाचा कायदा, विद्यार्थ्यांच्या अडचणी सांभाळणारा विभाग, सगळ्याचे स्वतंत्र पेपर. आपल्याकडे कुलसचिव बहुधा प्राध्यापकांतून येतो आणि ऑफिस सुपरिंटेंडेंट क्लार्कपासून वर चढतो, दोघेही काम करता करताच शिकतात. म्हणून त्या पदवीचा मोह मला कळतो. पण त्यातला बराचसा भाग त्यांच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या विद्यार्थी-कर्जांचा आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांचा. घर गहाण टाकून तो शिकून इथे आलीस, तर अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी यांतला फरक पहिल्याच दिवशी नव्याने शिकावा लागेल. स्कॉलरशिप मिळाली तर जा, डोळे मिटून जा. कर्ज काढून नको.

इथे दिल्लीची नीपा आहे, शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन हेच तिचं काम. इग्नू या मुक्त विद्यापीठाची प्रौढ शिक्षणातली एम.ए. नोकरी सांभाळून करता येते. चर्चगेटला एसएनडीटी आहे, 1916 पासून बायकांना शिकवणारी, आणि मुंबई विद्यापीठातही आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहे. यंदा कुठे काय चालू आहे ते माहितीपत्रकात बघ, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस. शिकवण्याकडे वळायचं असेल तर प्राध्यापकीसाठीच्या ‘नेट’ परीक्षेच्या विषयांच्या यादीत प्रौढ आणि निरंतर शिक्षणाचा वेगळा विषय आहे, क्रमांक 46. त्याचा अभ्यासक्रम आत्ताच डाउनलोड करून ठेव.

प्रवेश कुठेही घे, एक वाचन मात्र कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, मराठी प्रत. रुक्ष आहे, झोप येईल. पण अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्यापरिषद, अभ्यास मंडळ यांत कोण काय ठरवतं ते कळल्याशिवाय तुझा कुठलाही चांगला विचार फाइलमध्येच राहील. त्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाचीही तरतूद आहे. त्या मंडळाची इतिवृत्तं मिळाली तर वाच. सभेत कोण काय बोललं यापेक्षा मागच्या सभेतला कुठला विषय पुढच्या सभेत आलाच नाही, ते शोध.

प्रवेशाच्या अर्जासोबत जोडायचं म्हणून तू पाठवलेल्या निवेदनात पहिल्या परिच्छेदात ‘समाजसेवेची आवड’ आहे, तो अख्खा परिच्छेद काढ. त्याऐवजी येत्या प्रवेशाच्या दिवसांत पंधरा दिवस एखाद्या कॉलेजच्या खिडकीबाहेर उभी राहा, आत नाही, बाहेर. कोण कितव्या फेरीत आलं, कशासाठी परत गेलं, किती रजा मोडली, वहीत लिही. कुणी हटकलं तर खरं कारण सांग, शिपाई लोक सगळ्यात आधी समजून घेतात. त्या वहीतली दोन पानं तुझ्या निवेदनात असू देत.

डबा घेऊन जा, कँटीनमध्ये त्या दिवसांत वडापावसुद्धा मिळत नाही. आणि आईला सांग, तिची पुरणयंत्राची जाळी सापडली, रविवारी येताना पिशवी आण.

तुझी,
मावशी