शनिवारी संध्याकाळी मुलाला ताप आला, औषध कुठे मिळेल?

प्रश्न : ताई, उन्हाळ्यात आम्ही पिंपरीहून जर्मनीत श्टुटगार्टला राहायला आलो. गेल्या शनिवारी संध्याकाळी माझ्या तीन वर्षांच्या मुलाला १०२ ताप चढला. घराजवळच्या ड्रोगरीत, म्हणजे साबण-शाम्पूपासून पट्ट्यांपर्यंत सगळं मिळतं त्या दुकानात, धावत गेले, सगळ्या फळ्या पालथ्या घातल्या. व्हिटॅमिनच्या गोळ्या, औषधी चहा, मलमपट्ट्या सगळं होतं, पण पॅरासिटामॉल नाही. शेवटी भारतातून आणलेल्या सिरपवर रात्र काढली. इथे साधं तापाचं औषध कुठे मिळतं? घरात काय ठेवावं? दिवाळीनंतर सासूबाई येताहेत. त्यांच्या बीपीच्या गोळ्या कुरियरने मागवता येतील का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : अगं, आधी त्या सिरपबद्दल बोलू, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटली. आपल्याकडे मुलांचं पॅरासिटामॉल ५ मिलीला १२० किंवा २५० मिलिग्रॅम अशा ताकदीचं मिळतं. इथलं सिरप सहसा ५ मिलीला २०० मिलिग्रॅम असतं. आयबुप्रोफेनचं सिरप तर इथे २ टक्के आणि ४ टक्के अशा दोन ताकदींत येतं. खोकी दिसायला जवळपास सारखी, पण ४ टक्केवाल्यात तेवढ्याच मिलीत दुप्पट औषध. म्हणून ‘एक चमचा दिला’ हा हिशेब आता सोडून दे. मी इथल्या एका अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, काउंटरवर काम करते. मुलाचा ताप सांगत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न वजनाचा असतो. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत किमान सहा तास. तुझा मुलगा १४ किलोचा असेल तर एका वेळी १४० ते २१० मिलिग्रॅम. चमच्याने नको, बाटलीबरोबर येणाऱ्या सिरिंजनेच मोज. ॲस्पिरिन मुलांना तापात स्वतःहून कधीच देऊ नकोस.

आता दुकानाचं. डीएम, रॉसमान ही ड्रोगरीची दुकानं. तिथे थर्मामीटर, पट्ट्या, मिठाच्या पाण्याचा नाकातला स्प्रे, सॅनिटरी पॅड स्वस्तात मिळतात. पण पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन त्यांच्या फळीवर ठेवायला कायद्याने परवानगी नाही. ती अपोथेकेतच. दारावर मोठा लाल ‘A’ आणि त्यात प्याला नि साप दिसला की समजायचं. प्रिस्क्रिप्शनशिवाय पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या वीसच गोळ्यांचं पाकीट मिळतं, २००९ पासून तसा नियम आहे. मेडिकलमध्ये चार गोळ्या कापून घेतो तसं इथे नाही, अख्खं पाकीटच घ्यावं लागतं. विनाप्रिस्क्रिप्शन औषधांच्या किमती दुकानागणिक वेगळ्या असतात. ‘गिब्ट एस दास आउख ग्युन्स्टिगर?’ म्हणजे हेच स्वस्तात आहे का, असं बिनधास्त विचार. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. जर्मन अडतं म्हणून गप्प उभी राहू नकोस. आधी कोणती औषधं दिलीत, कसली ॲलर्जी आहे, सगळं सांग. ऐकून घेऊन सल्ला देणं हे आमचं कामच आहे, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

शनिवारी रात्री आणि रविवारी नेहमीची दुकानं बंद असली तरी भागातली एखादी अपोथेके पाळीने चालू असते. कुठली, ते कुठल्याही बंद अपोथेकेच्या दारावर लिहिलेलं असतं, किंवा मोबाइलवरून २२८३३ ला फोन कर. बऱ्याच ठिकाणी दारातल्या छोट्या खिडकीतून औषध देतात. रात्री आठनंतर आणि रविवारी-सुट्टीला अडीच युरो जादा पडतात. डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. ताप सेल्सियसमध्ये सांग : तुझे १०२ म्हणजे इथले ३८.९.

घरात वजनाला योग्य ते तापाचं औषध, ओआरएस, जखमेचं अँटिसेप्टिक आणि पट्ट्या असू देत. नाक मोकळं करणारा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे दोन ते सहा वर्षांसाठी ०.०५ टक्क्यांचाच घ्यायचा, आठवड्याच्या वर वापरायचा नाही. मोठ्यांचा ०.१ टक्क्यांचा स्प्रे पोराच्या नाकात मारू नकोस. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं : सरकारी विमा असेल तर बारा वर्षांखालच्या मुलांची अपोथेकेतली साधी औषधंही बालरोगतज्ज्ञाने प्रिस्क्रिप्शनवर लिहून दिली की विमा पैसे भरतो. पुढच्या भेटीत तापाचं औषध लिहून माग.

सासूबाईंच्या गोळ्या कुरियरने मागवू नकोस. युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधं मागवायला साधारणपणे मनाई आहे, पार्सल कस्टममध्ये अडकेल. त्यांनी येतानाच साधारण तीन महिन्यांच्या गोळ्या मूळ पाकिटांतून आणाव्यात, हातातल्या बॅगेत. जास्त राहणार असतील तर इथला डॉक्टर खासगी प्रिस्क्रिप्शन देईल, त्याचे पैसे मात्र तुम्हाला भरावे लागतील. लोक माझ्यासमोर भारतातल्या ब्रँडची पट्टी धरतात, आणि ते नाव इथल्या यादीत सापडत नाही. म्हणून त्यांच्या डॉक्टरांकडून ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन असं जे असेल ते मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि वेळ टाइप केलेल्या कागदावर आणायला सांग. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन्हींची नावं नि मात्रा वेगवेगळ्या लिहून घ्यायला सांग, कारण तीच जोडगोळी इथे मिळेलच असं नाही.