जाणकारांना विचारा : स्वनातीत विमानाला सायलेन्सर का नसतो?

प्रश्न : आमचे शेत सांबरा विमानतळालगत आहे. जेट विमान उडाले की बांधावर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमाने पुन्हा येणार असे वाचले. त्यांच्या इंजिनाला मोटारीसारखा सायलेन्सर बसवता येणार नाही का?
— एक वाचक, सांबरा, ता. बेळगाव

उत्तर : मोटारीचा आवाज नळीत शिरण्याआधीच झालेला असतो, म्हणून तो नळीत अडवता येतो; जेटच्या झोताचा आवाज मात्र इंजिनाबाहेर, मोकळ्या हवेत जन्मतो. आपल्या पंपाचे पाणी भरलेल्या हौदात पडताना धारेच्या कडा पाहा. संथ पाण्याला घासून तिथे भोवरे उठतात, आणि धार जितकी जोराची तितके ते उग्र. हवेतल्या अशाच भोवऱ्यांचा तो गडगडाट असतो. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये दाखवले की ही ध्वनिशक्ती साधारणपणे झोताच्या वेगाच्या आठव्या घाताने वाढते, म्हणजे तेवढ्याच तोंडाच्या झोताचा वेग निम्मा केला, तर ती २५६ पटींनी घटते. आजची प्रवासी विमाने मोठ्या पंख्याने पुष्कळ हवा सावकाश मागे ढकलतात; ती मुख्यतः इंधन वाचवण्यासाठी, पण त्याने आवाजही घटतो.

स्वनातीत, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान, विमानाची खरी अडचण इथेच आहे. पुढे रेटा मिळायचा तर झोत विमानाहून वेगाने मागे जावा लागतो, आणि १९७६ ते २००३ या काळात प्रवासी नेणारे कॉन्कॉर्ड सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने जात असे. त्या वेगाला रुंद पंखा हवेचा फार मोठा अडथळा ठरतो; म्हणून इंजिन बारीक आणि झोत वेगवान ठेवावा लागतो, आणि तेच इंजिन उड्डाणाच्या वेळी गावावरून गरजत जाते. त्यातच कॉन्कॉर्ड उड्डाणाच्या वेळी झोतात जादा इंधन जाळत असे. (आकाशात ऐकू येणारा स्वनातीत धमाका निराळा; तो इंजिनाचा नव्हे, विमानाने हवेत उठवलेल्या आघात-लहरींचा असतो.)

नोझलच्या, म्हणजे झोत बाहेर पडतो त्या तोंडाच्या, कडेला करवतीसारखे दाते काढले, तर झोत बाहेरच्या हवेत लवकर मिसळतो आणि लांबवर पोचणारा खालच्या पट्टीचा गडगडाट कमी होतो. बोइंग ७८७ च्या इंजिनांवर असे दाते दिसतात. नासाने १९९० च्या दशकात बाहेरची हवा ओढून, ध्वनिशोषक अस्तराच्या नळीत झोतात मिसळणारी नोझल तपासली. तुमच्या कल्पनेतल्या सायलेन्सरच्या सर्वांत जवळ जाणारी हीच, पण ती अवजड होती, आणि ते वजन प्रवासभर वाहून न्यावे लागते. मला अधिक भरवशाचा वाटतो तो मध्यम आकाराच्या पंख्याचा, जादा इंधन न जाळणारा मार्ग, मग त्यापायी विमानाचा वेग थोडा कमी ठेवावा लागला तरी चालेल.