जुन्या निकेलच्या नाण्यांचा टाइप सेट कसा जमवावा? निकेलला काही किंमत असते, की सरळ चांदीचीच नाणी घ्यावीत?

निकेलला काही किंमत असते का, हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या घरात हाच वाद पस्तीस वर्षं चालू आहे, माझा आणि माझ्या काकांचा.

आमचं घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्र अगदी जवळ. आजोबा मुंबईला गिरणीत होते, गणपतीला आणि शिमग्याला यायचे. त्यांची एक सवय होती, नवीन छापाचं नाणं पहिल्यांदा पगारात हातात आलं की त्यातलं एक बाजूला ठेवायचं, खर्च करायचं नाही. पितळी पानाच्या डब्यात ठेवायचे सगळी. टाइप सेट हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण प्रत्येक छापाचं एकेक नाणं म्हणजे दुसरं काय असतं? एक आण्याचं नागमोडी कडांचं, चौकोनी चवली म्हणजे दोन आणे, १९४७ चा वाघवाला रुपया, त्याच वाघाची अधेली (आठ आणे) आणि पावली (चार आणे), मग १९५० चे सिंहवाले, बैलाचा आणा, पुढे आणे जाऊन आलेले नये पैसे, नेहरूंचा १९६४ चा रुपया, गांधींचा १९६९ चा. मी लहान असताना ते डबा उघडून एकेक नाणं तळहातावर ठेवायचे आणि ते पहिल्यांदा मिळालं तेव्हा कुठल्या खात्यात काम करत होतो ते सांगायचे.

आजोबा गेले. त्यानंतरच्या गणपतीत सगळे जमलेले, डबा बाहेर निघाला, मी तेव्हा सातवीत. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक माझ्या खिशात होतं, दिवसभर ते कशाकशाला लावत फिरायचो. ते वाघवाल्या रुपयाला लावलं तर टक्कन चिकटलं. मला इतका आनंद झाला की मी ओरडून सगळ्यांना दाखवलं. काकांनी रुपया हातात घेतला, परत लावून बघितला आणि म्हणाले, "चिकाटलां ना? मगे लोखंड तां. ह्यां घरात ठेवून काय करूचां?"

त्यांनी माझ्याच चुंबकाने ओसरीवर बसून सगळ्या डब्याच्या दोन वाटण्या केल्या. जे चिकटलं ते लोखंड, जे नाही चिकटलं ते चांदी. चिकटलेल्यातली पैशातली नाणी तेव्हा चालायची, ती बाजारात मासे आणायला गेली. नेहरू आणि गांधी पण त्यातच गेले. आणि आण्याच्या काळातली सहा, म्हणजे वाघाची तीन आणि १९५० ची तीन, पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला तेव्हा तुटलेल्या पहारीबरोबर आणि गंजलेल्या कोयत्याबरोबर लोखंडाच्या भावात वजनाला घातली. मी शाळेतून आलो तेव्हा डबा हलका लागला हाताला. न चिकटलेली, आणा चवली वगैरे, काकांनी कपाटात कुलुपात ठेवली आणि नंतर सावंतवाडीला सोनाराकडे नेली. सोनाराने दगडावर घासून बघितली, चांदी नाही म्हणून परत दिली. काकांनी घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, मला ते आजीकडून कळलं.

आता तुम्हाला आणि काकांनाही सांगतो. साध्या तापमानाला चुंबक जोरात धरून ठेवणारी मूळ धातू तीन, लोखंड, कोबाल्ट आणि निकेल. चिकटलं म्हणजे लोखंडच, हे चूक आहे. उलट आपल्याकडच्या जुन्या नाण्यांमध्ये चिकटणं ही शुद्ध निकेलची खूण आहे. आणा, चवली, बैलवाली नाणी ही क्युप्रोनिकेलची, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल, म्हणून दिसायला तशीच पांढरी पण चुंबकाला दाद देत नाहीत. म्हणजे काकांनी जे फेकलं ते शुद्ध आणि जे कुलुपात ठेवलं ते मिश्र.

आणि हे निकेल आलं कुठून, तर चांदी परवडेना म्हणून. पहिल्या महायुद्धात चांदी महागली तेव्हा १९१८ ला चवली चौकोनी क्युप्रोनिकेलची झाली, १९१९ ला पावली अष्टकोनी. दुसऱ्या युद्धात रुपयातली चांदी आधी निम्म्यावर आली आणि १९४६-४७ ला पावली, अधेली, रुपया सगळंच शुद्ध निकेलचं झालं. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसरीकडे चालणारा वाघ. राजाचं तोंड असलेली ती शेवटचीच. त्यानंतर १५ ऑगस्ट १९५० ला आपली स्वतःची, अशोकस्तंभाची आली. एवढा सगळा बदल ज्या धातूवर उमटलाय त्याला पत्रा म्हणणाऱ्या माणसाशी मी किंमतीबद्दल बोलत नाही. चांदीचा रुपया चांदीच्या भावाने विकतात, वितळवतात सुद्धा.

तुमचा सेट. फक्त शुद्ध निकेल घ्यायचं असेल तर वाघाची तीन, १९५० च्या छापाची तीन, मग २५ नये पैसे, ५० नये पैसे आणि १९६२ पासूनचा रुपया, १९६४ ला "नये" गेल्यावरचे २५ आणि ५० पैसे, नेहरूंची ५० पैसे आणि रुपया, गांधींची तीच दोन. पंधरा होतात, बारीक फरक धरायला लागलात तर वाढतील. टांकसाळीच्या खुणा बघत बसू नका, मुंबईचा छोटा ठिपका की पत्त्यातल्यासारखी चौकट की कलकत्त्याचं कोरं, तो वेगळा छंद आहे. क्युप्रोनिकेल पण घेणार असाल तर १९०७ च्या एक आण्यापासून सुरू करा, त्यात १९१९-२० ची आठ आण्याची शोधायला वेळ लागेल. बाकी बहुतेक नाणी साध्या अवस्थेत स्वस्त मिळतात, म्हणून घाई करून झिजलेलं घेऊ नका, वाघाच्या अंगावरचे पट्टे स्पष्ट दिसतायत का बघा. वाघवाला रुपया लाखोंना जातो असले मेसेज येतात ते धादांत खोटे.

चुंबकाबद्दल एक राहिलं, १९८८ पासूनची स्टीलची नाणी पण चिकटतात, आणि लोखंडावर मुलामा दिलेलं नकली नाणं पण चिकटणारच, म्हणून वजन करा. नये पैशांपासूनच्या काळात रुपया १० ग्रॅम, ५० पैसे ५ ग्रॅम, २५ पैसे अडीच. १९७५ पासूनचा मोठा रुपया तसाच दिसतो पण क्युप्रोनिकेलचा, ८ ग्रॅमचा, चिकटत नाही. २५ आणि ५० पैसेही १९७२ पासून क्युप्रोनिकेलचे, तेही चिकटत नाहीत. चुंबक कागदात गुंडाळून लावा नाहीतर ओरखडा पडतो. आणि आमच्यासारखे किनाऱ्यावर राहत असाल तर मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, पावसाळ्यात हिरवं चिकट सुटतं. आमसुलाने तर अजिबात घासू नका, ते देवाच्या तांब्याला ठीक आहे.

मी आजोबांचा सेट परत जमवलाय, एकच नाणं राहिलं होतं ते गेल्या दिवाळीत मिळालं. पण काकांना पटवायचं होतं म्हणून एक जास्तीचा, पार गुळगुळीत झालेला १९४७ चा रुपया घेतला आणि मृगाला समुद्राकडच्या खिडकीत ठेवला, शेजारी एक नवा लोखंडी खिळा. त्या खिडकीचे गज दर वर्षी रंगवतो तरी भिंतीवर तांबडे ओघळ येतात इतकी खारी हवा आहे. गणपतीला काकांना हाताला धरून तिथे नेलं. खिळ्याचं टोक बोटाने दाबलं तर पापुद्रे निघाले, खाली चुन्यावर लाल डाग. रुपया थोडा मंद पडलेला, बाकी धोतराला पुसला तर तसाच. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ बघितला, मग म्हणाले, "स्टील आसतलां." मी त्यांच्या बोटाखाली सन धरला, १९४७. त्यांनी रुपया खिडकीत परत ठेवला नाही, बंडीच्या खिशात टाकला आणि आरतीला गेले.